डांबर आणि गुलाब

आमच्या प्रज्ञाचं लग्न १९९९ सालच्या मे महिन्यात झालं आणि त्याला मी, म्हणजे नवरीचा बाप, हजर नव्हतो. मंगलाष्टकं मी दुबईत टेलिफोनच्या खोक्यात उभा राहून ऐकली. तिसऱ्या अष्टकाला कार्ड संपलं. त्यामुळं माझ्यापुरती ती अजून अंतरपाटाआडच उभी आहे.

लग्नाचा दुसरा परिणाम असा झाला की मला पत्रं यायची थांबली. घरात लिहिता येणारी प्रज्ञा एकटीच. ठकुबाई, म्हणजे माझी बायको, सांगायची आणि प्रज्ञा लिहायची. इकडं मजुरांच्या कॅम्पातल्या खोलीत ती पत्रं दौलत वाचून दाखवायचा, तेही अभिनयासकट. हा साताऱ्याचा गवंडी. ठकुबाईनं 'तब्येतीला जपा' एवढंच कळवलेलं असलं, तरी तो ते अशा आवाजात वाचायचा की खोलीतली आठही माणसं उशीत तोंड खुपसून हसायची. शेवटी वैतागून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी अक्षरं शिकायला बसलो. आमचे स्टोअरकीपर मोहिद्दीनभाई, रत्नागिरीकडचे, पाच वेळचे नमाजी, त्यांनी मला दोन हिवाळे स्टोअरच्या दारात खोक्यावर बसवून शिकवलं. मला जोडाक्षरं यायला लागली आणि पोरगी सासरी गेली. वाचणारा तयार, तर लिहिणारं कुणी नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या ताब्यात एक बाटली आली. दारूची. मी पीत नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही गोष्ट ऐकून आमच्या गावात आजही लोक एकमेकांना डोळा घालतात.

बाटली एत्तोरे साहेबांची. साहेब इटलीचे, साठीला आलेले, आमच्या रस्त्याच्या कामावर देखरेखीला असलेले इंजिनिअर. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात तेव्हा नुसती वाळू होती, आणि वाळूत आम्ही, डांबर अंथरणारे. साहेबांची सही झाल्याशिवाय आमच्या कंपनीचं बिल पुढं सरकत नसे, म्हणून आमचा मॅनेजर त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. पंधरा वर्षं आखातात काढल्यामुळं साहेब हिंदी बोलायचे, पण ती मजुरांकडून शिकलेली. त्यात क्रियापदं कमी आणि शिव्या जास्त, आणि त्या शिव्या आहेत हे त्यांना माहीत नसायचं.

एकदा साइटवर त्यांनी विचारलं, "अंगूर का काम कौन जानता?"

मी तासगाव तालुक्यातला. द्राक्षाचं काम कोण जाणतं, असं कुणी विचारलं की आमच्याकडचा माणूस आपोआप एक पाऊल पुढं जातो. साहेबांनी बंगल्याच्या आवारात एक वेल लावला होता आणि माळी तो कुंपणासारखा कातरत होता. मी पहिल्या शुक्रवारी गेलो, वेलाकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून माळ्याविषयी जे निघालं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी माझं तिकडं जाणं सुरू झालं. एकाच्या व्हिसावर राहून दुसऱ्याकडं काम करणं नियमात बसत नव्हतं. पण वेल नियमानं वाढत नाही.

काम झालं की साहेब चहा द्यायचे आणि बोलायचे. त्यांच्या टेबलावर एक निळसर राखाडी ढेकूळ होतं, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. मी ते उचललं आणि आमच्या सवयीप्रमाणं कोपरा जिभेला लावला. साहेब बघतच राहिले.

"चुना आहे," मी म्हणालो. "पाणी धरत नाही. मुळं खोल जात असणार."

त्यावर साहेब उठले, आतल्या खोलीत गेले आणि ती बाटली घेऊन आले. लहान बाळाला आणतात तशी, दोन्ही हातांवर आडवी. ढेकूळ त्यांच्या वडिलांच्या उतारावरचं, म्हणजे डोंगरउतरणीच्या द्राक्षबागेतलं, आणि दारूही तिथलीच, १९७१ सालची. तिकडं बारोलो म्हणून मुलूख आहे. तिथं द्राक्ष एकच असतं, पण बाटलीवर गावाचं नाव पुरत नाही, उताराचं नाव लिहितात. साहेबांच्या वडिलांचा उतार नैऋत्येला तोंड करून होता. मधे बैलगाडीची वाट, आणि वाटेपलीकडं शेजाऱ्याचा उतार. तेच द्राक्ष, तोच पाऊस, आणि दारू वेगळी.

"लोग बोलता है, झूठ," साहेब म्हणाले.

मला यात खोटं काही दिसलं नाही. माझं रान अठरा गुंठे, त्याला आम्ही टेकाचा तुकडा म्हणतो. वर वीतभर माती, खाली मुरूम. त्या तुकड्यातले बेदाणे आणि खालच्या काळ्या रानातले बेदाणे एकाच ताटात मिसळून दिलेत, तरी मी अंधारात वेगळे करून देईन. कॅम्पात मी हे कितीदा सांगितलं होतं. सगळे म्हणायचे, "गोड आहेत हो तात्या," आणि आणखी मूठभर घ्यायचे. मग एका शुक्रवारी मी साहेबांना ठकुबाईनं पाठवलेले बेदाणे नेऊन दिले. त्यांनी एकच उचलला, डोळे मिटले, बराच वेळ चावला.

"पत्थर," ते म्हणाले. "मीठा पीछे. पहले पत्थर."

मी तोंड फिरवून वेलाकडं बघत राहिलो. बारा वर्षांच्या दुबईत माझं गाव ओळखणारा हा पहिला माणूस, आणि तो इटलीचा निघावा.

त्यांनी मला त्या दारूचा वासही समजावून सांगितला. जुनी झाली की तिला दोन वास येतात म्हणे, डांबराचा आणि गुलाबाचा. त्या वासासाठी मोठमोठे लोक वीस-वीस वर्षं थांबतात. मी हे कॅम्पात सांगितलं, तेव्हा दौलत म्हणाला, "तात्या, मग आपण रोज आठ तास काय हुंगतोय? फक्त गुलाब लावायचा राहिलाय बघा."

जुलैत साहेब सुट्टीवर निघाले. जायच्या आधी त्यांनी मला खाली बसवलं. त्यांची बायको वारलेली होती. मुलगी एकच, ओर्नेल्ला, एकाहत्तरचा जन्म. वडील गेल्यावर साहेबांनी उतार विकला. मुलीला तो हवा होता. तेव्हापासून आठ वर्षं ती बापाशी बोलत नव्हती. आता सप्टेंबरात पाच दिवसांसाठी दुबईला यायला कबूल झाली होती. तिच्या जन्माच्या सालची, त्या उताराची ही शेवटची बाटली. ती आली की उघडायची.

"किसन, दो काम. अंगूर को पानी. और ये रूम का एसी बंद नहीं. गरम हुआ तो खलास."

"साहेब, फिकर नाही. द्राक्षाचा माणूस आहे मी," असं मी म्हणालो. हे वाक्य पुढं मला फार महाग पडलं.

मग त्यांनी मला काय पाहिजे ते विचारलं. मी सांगितलं की तीन वर्षं घरी गेलो नाही. ऑक्टोबरात छाटणी असते. त्या तुकड्यातल्या वेलाला काडीवर पाच डोळे, म्हणजे फुटव्याच्या गाठी, ठेवायचे असतात. रोजानं आलेली माणसं आठ ठेवतात, मग माल येतो भरपूर पण त्यात दगड बोलत नाही. ठकुबाई एकटी त्यांच्या मागं मागं फिरते आणि ते तिचं ऐकत नाहीत. साहेब म्हणाले, "पच्चीस सितंबर, दो महीना छुट्टी. मैं बोलेगा." म्हणजे एका बाटलीत त्यांची मुलगी होती आणि माझी छाटणी.

साहेब गेल्यावर दुसऱ्याच शुक्रवारी मी बंगल्याचं दार उघडलं, तर आतून भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आली. एसी बंद पडला होता, कधीपासून ते देवाला ठाऊक. बाटलीला हात लावला, तर ती ताप आलेल्या माणसासारखी लागली.

शनिवारी अर्धा दिवस बुडवून मी बंगल्याच्या एजंटाच्या ऑफिसात गेलो. तिथला क्लार्क सभ्य होता. त्यानं मला फॉर्म दिला आणि लगेच परत घेतला.

"टेनंट का साइन मंगता."

"टेनंट इटली में है."

"तो टेनंट आएगा, तब कंप्लेंट करेगा."

"टेनंट सप्टेंबर में आएगा. एसी आज बंद है."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू एसीनं भाडेकरूला विचारून बंद पडायला हवं होतं. फॅक्स मागव म्हणाला. साहेबांचा इटलीचा नंबर आमच्या कंपनीत मिळाला असता. पण तो कशाला हवा, असं विचारलं तर शुक्रवारचं बिंग फुटलं असतं आणि मीच कायमचा छाटणीला गेलो असतो.

म्हणजे बाटली हलवायला हवी. आता मजुरानं दारूची बाटली घेऊन फिरणं हा तिकडं गुन्हा. बाळगायलासुद्धा परवाना लागतो. मी कायद्यानं चालणारा माणूस, म्हणून कंपनीची कागदपत्रं बघणाऱ्या खैरुद्दीनकडं गेलो.

"परवाना? तुला?" त्यानं चष्मा काढला. "कधीपासून लागली?"

"मी पीत नाही."

"मग परवाना कशाला?"

"ठेवायला."

"कुणाची?"

"ते सांगता येत नाही."

खैरुद्दीननं चष्मा परत घातला. "हबीबी, ऐक. फॉर्मला पासपोर्ट लागतो. पासपोर्ट कंपनीकडं. तो काढायचा तर दुसरा फॉर्म, आणि त्यात कारण लिहावं लागतं. काय लिहू? दारू ठेवायला, पिणार नाही, मालक कोण ते सांगणार नाही? हे वाचून ते तुला विमानापर्यंत स्वतः सोडायला येतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरीचं लग्न मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं बापाचं."

शेवटी मी माझा पाण्याचा कूलर घेतला, नळ असलेला, साइटवर नेतो तो. झाकणापर्यंत टॉवेल कोंबला, मधे बाटली, आणि कंपनीच्या बसमध्ये चढलो. बाटली हलवायची नाही हे साहेबांनी शंभरदा बजावलेलं. तळाशी गाळ असतो, तो उठतो. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी कूलर पोटाशी धरून सीटवरून अर्धा उठायचो. शेजारच्या सीटवरचा पठाण, आमच्या रोलरचा ड्रायव्हर, म्हणाला, "चाचा, कितना महीना हुआ?" पुढची सगळी बस हसली. मी मान ताठ ठेवली.

कॅम्पाच्या गेटवर वॉचमननं पेला पुढं केला. "पानी देना."

"खलास," मी म्हणालो.

त्यानं कूलर हलवून पाहिला. आतून टुक असा आवाज आला.

"ये क्या है?"

"बर्फ."

"अगस्त में बर्फ बचा है तेरा?"

"एकच खडा आहे," असं सांगून मी चालू लागलो. इतकं हळू मी कधी पळालो नव्हतो.

खोलीत सभा बसली. दौलतचं मत फ्रिज. आमचा फ्रिज आठ माणसं दिवसाला पन्नासदा उघडायची आणि त्यात वाळलेले बोंबील असायचे. अठ्ठावीस वर्षं जपलेल्या गुलाबाला बोंबलांच्या शेजारी झोपवायला माझं मन धजेना. राजाभाऊ आमचा स्वयंपाकी, वयानं मोठा, बोलायला मऊ. तो म्हणाला, "तात्या, आपल्याकडं काय करतेत? माठ. वल्ली वाळू. त्यात बुडवायची, वरून गोणपाट. दही राहतं, दूध राहतं, ह्येला काय धाड भरली?"

हे मला एकदम पटलं. आमच्या आयांनी असंच सगळं राखलं. वाळूचा तर तिथं दुष्काळ नव्हताच. आम्ही शारजाहून माठ आणला, बाथरूमच्या मागं सावलीत ठेवला, बाटली ओल्या वाळूत पुरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागलो. दौलतनं तर पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं.

चार दिवसांनी मी वाळूत हात घातला, तर ती कोमट. आमच्याकडं हवा कोरडी असते, पाणी उडतं आणि माठ गार होतो. इथं ऑगस्टात हवाच ओलीचिंब, उडणाऱ्या पाण्याला जागा कुठली. म्हणजे मी त्या बाटलीला चार दिवस आंबोळीच्या पिठासारखी ऊब दिली होती. घाईनं बाहेर ओढली, तर हातात नुसती काच आली. लेबल वाळूतच राहिलं होतं.

ते मी वाळूतून तुकड्या-तुकड्यानं वेचलं. उताराचं नाव दोन तुकड्यांत आलं, एकाहत्तरातला सात सापडला, एक सापडला नाही. राजाभाऊ खळ करून चिकटवतो म्हणाला. मी ते तुकडे माझ्या उजळणीच्या वहीत ठेवले आणि प्रथमच मला साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं दिसला.

आता एकच जागा राहिली होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मोहिद्दीनभाईंचं स्टोअर. तिथं पुलाच्या सांध्यांत भरायची रसायनं ठेवतात, ती पंचविसाच्या वर गेली की नासतात. म्हणून त्या पत्र्याच्या स्टोअरला साइटवरचा सगळ्यात चांगला एसी होता. माणसांच्या खोलीला इतका चांगला नव्हता, कारण माणूस पंचेचाळिसालाही नासत नाही, असं कंपनीचं मत होतं. पण ज्यांनी मला अक्षर दिलं त्या नमाजी माणसापुढं दारू घेऊन कसं जायचं?

दुपारच्या सुट्टीत गेलो. कूलर खाली ठेवला आणि अक्षरं शिकायला बसायचो त्याच खोक्यावर बसलो. अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. मोहिद्दीनभाई दाढी कुरवाळत ऐकत होते.

"मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नमाजी माणूस."

"म्हणून तू ती बाथरूमच्या मागं पुरलीस." ते कूलरपासून एक पाऊल मागं सरकले. "हे बघ किसन, मी त्याला हात लावणार नाही. तू काय आणलंस ते मी बघितलं नाही, मला पाण्याचा कूलर दिसतोय. तो तिकडं शेवटच्या फळीवर तू ठेव, तूच काढ. एसी कंपनीचा आहे, माझा नाही. त्याचा वारा कुठं जातो ते अल्लाला माहीत आणि फोरमनला."

फळी त्यांनी बोटानंही दाखवली नाही, भुवईनं दाखवली. आणि रजिस्टरात लिहिलं, 'पाण्याचा कूलर, एक नग, किसन.' घरी जाऊन ते बायकोला, जैनबभाभींना काय बोलले ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी भाभींनी माझ्यासाठी सांदणं पाठवली. मुलगी सासरी गेली म्हणून, असा निरोप होता.

तीन आठवडे सुखाचे गेले. मी रोज जाऊन कूलरला हात लावून यायचो. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेफ्टी ऑफिसर आला.

धनंजय नाव, पुण्याचा, तिशीच्या आतला, अंगात पिवळं जाकीट. स्टोअरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल पाहिजे, असा त्याचा नियम. तीनशे डब्यांवर होतं. त्यानं कूलर उघडला. टॉवेलात बिनलेबलाची काळी बाटली, आत गडद द्रव.

"हे काय आहे? अनआयडेंटिफाइड केमिकल?"

मोहिद्दीनभाई म्हणाले, "मी बघितलं नाही." आणि ते खरंच होतं.

मला बोलावणं आलं तेव्हा मी रस्त्यावर होतो, गमबूट डांबरानं माखलेले. आत पाऊल टाकलं, तर धनंजयच्या हातात हातमोजे, टेबलावर नमुन्याची छोटी बाटली, आणि तो बुचात स्क्रू घालायच्या तयारीत.

"थांबा," मी म्हणालो.

"काका, सॅम्पल घ्यावंच लागेल. प्रोसीजर आहे."

"ते उघडलं की माझी छाटणी गेली."

त्याला अर्थात काही कळलं नाही. स्टोअरच्या दारात फोरमन, दोन हेल्पर आणि खैरुद्दीन एवढी माणसं जमली होती. आयुष्यात सुपारी न खाल्लेल्या मी त्या सगळ्यांसमोर कबूल केलं, की ती दारू आहे आणि ती माझ्याकडं आहे. खैरुद्दीन मान हलवत म्हणाला, "मी म्हणालो होतो, पोरीचं लग्न."

मी वहीतून तुकडे काढून टेबलावर मांडले. धनंजय वाकला. मग त्याचा आवाज बदलला. "काका, ही बारोलो आहे? सिंगल व्हिनयार्ड? सत्तरातली?" नंतर त्यानं मला दहा मिनिटं टेरवारविषयी सांगितलं. टेरवार म्हणजे माती, ऊन, उतार, वारा, सगळं मिळून त्या जागेचं जे काही असतं ते. हे त्यानं विमानातल्या मासिकात वाचलं होतं. मी ऐकून घेतलं. आपल्याच गावचा रस्ता आपल्याला कुणी समजावून सांगत असला, तर मधे बोलू नये.

"पण मी हे बघितलं नाही असं म्हणू शकत नाही," तो शेवटी म्हणाला. "मी बघितलंय. लेबल तर लावावंच लागेल." त्यानं पिवळा स्टिकर काढला, वर धोक्याचा त्रिकोण असलेला, आणि भरला. अज्ञात द्रव. उघडू नये. उष्णतेपासून दूर ठेवावे. खाली मालकाचं नाव आणि सही. तिथं मी मराठीत माझं नाव लिहिलं. त्याआधी कंपनीच्या प्रत्येक कागदावर माझा अंगठा होता. पहिली सही मी दारूच्या बाटलीवर केली, मालक म्हणून. मोहिद्दीनभाईंनी दुरून ती नीट आहे का ते पाहिलं आणि दुसरीकडं बघायला लागले.

साहेब आले त्या शुक्रवारी मी बाटली आणि वही घेऊन गेलो. सगळं सांगितलं. बंद एसी, बस, माठ, वाळू, चार दिवसांची ऊब. काही लपवलं नाही. साहेबांनी तुकडे एकदा हातात घेतले, एकही शिवी दिली नाही, म्हणजे हिंदीतलीही नाही, आणि बाहेर वेलापाशी जाऊन उभे राहिले. वेल मात्र झकास होता. ते न वळता म्हणाले, "किसन, अगला जुम्मा आना. लड़की आएगा. दोपहर में." सुट्टीचं ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ओर्नेल्लाबाई उंच, बापासारख्याच नाकाच्या. टेबलाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला साहेब, आणि मधे इतकं अंतर की माझी बाटली तिथं एकटीच उभी होती. बाईंनी पिवळा स्टिकर वाचला. मग परत वाचला. मग काहीतरी विचारलं. साहेब सांगायला लागले, पठाणाच्या 'कितना महीना'पर्यंत आले, आणि बाई हसल्या. साहेबांनी सांगणं थांबवून तिच्याकडं पाहिलं. आठ वर्षांत त्यांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

बूच निघालं. साहेबांनी पेल्यात ओतली. रंग विटेसारखा. नाक घातलं, डोळे मिटले, आणि मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

"गुलाब खलास," साहेब म्हणाले.

त्यांनी पेला मुलीकडं सरकवला. तिनं वास घेतला, घोट घेतला, आणि एकच शब्द म्हणाली. मग पेला माझ्यापुढं धरला. मी प्यायलो नाही, नुसतं हुंगलं. खरंच गुलाब नव्हता. उन्हानं, बसनं आणि माझ्या माठानं तो गेला होता. डांबर मात्र होतं. तापलेलं, जुनं, ओळखीचं.

"क्या बोली?" मी साहेबांना विचारलं.

"बोली, दादाजी." साहेबांनी पेला परत स्वतःकडं घेतला. "मेरा बाप का जैकेट का बास ऐसा ही था. गुलाब नहीं था उसका पास."

मग त्यांनी कपाटातून ठकुबाईचे उरलेले बेदाणे काढले आणि मुलीच्या हातावर दोन ठेवले. तिनं चावले आणि बापाकडं पाहून काही म्हणाली. साहेबांनी मला ते भाषांतर करून सांगितलं नाही. टेबलावरचं निळं ढेकूळ तिच्याकडं ढकललं, तेवढ्यावरून मी ओळखलं. त्या दोघांनी ती गुलाब गेलेली दारू शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. निघताना साहेबांनी खिशातून कागद काढला. आमच्या मॅनेजरची सही झालेला, पंचवीस सप्टेंबर ते पंचवीस नोव्हेंबर. तारखेवरून कळलं, की सही साहेबांपुढच्या माझ्या कबुलीच्या दुसऱ्या दिवशीची होती.

रिकामी बाटली मी मागून घेतली.

गावी पोचलो तेव्हा छाटणी तोंडावर आली होती. रोजाचं माणूस लावलं नाही. एका ओळीत मी, दुसऱ्या ओळीत ठकुबाई, काडीवर पाच डोळे. मी सहावा ठेवला की ती पलीकडून म्हणायची, "मोजा." प्रज्ञा येऊन दोन दिवस राहिली. मी तिची जुनी पत्रं काढून तिलाच वाचून दाखवली, अभिनय न करता.

बाटली ठकुबाईनं पहिल्याच दिवशी पिशवीतून काढली. बूच काढून नाकाला लावली. बराच वेळ तशीच धरून उभी राहिली.

"अवं, ह्याला तर वास येतुया."

"कशाचा?"

"तुमच्या धाडलेल्या जुन्या कापडांस्नी यायचा त्यो. मी धूत नव्हते लगेच."

त्यानंतर तिनं ती धुतली आणि तिच्यात गोडंतेल भरून चुलीशेजारी ठेवली. पिवळा स्टिकर तिनं निघू दिला नाही. त्यावर माझी सही होती आणि ती कुठली ते मी तिला दाखवून ठेवलं होतं.

एत्तोरे साहेब २००१ सालच्या नोव्हेंबरात त्यांच्या गावी वारले. मुलगी जवळ होती. ठकुबाई ९ फेब्रुवारी २००४ ला, सोमवारी सकाळी, टेकाच्या तुकड्यात द्राक्षं उतरत असताना गेली. मी तेव्हा सिलिकॉन ओएसिसच्या रस्त्यावर डांबर टाकत होतो. तिसऱ्या दिवशी पोचलो.